दादीचं पच्चखाण

१

आमच्या घरात संध्याकाळी घड्याळाकडे कुणी बघत नाही, सूर्याकडे बघतात. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, ही दादीची शिस्त. दादी म्हणजे तारादेवी, माझ्या वडिलांची आई. नंदुरबारात आमचा मिरचीचा व्यापार, घर गोदामाच्या वर, आणि त्या घरात तिला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. दुपार कलली की ती गॅलरीत उभी राहून मला, माझ्या भावाला, एकेकाला हाका मारायची. "रिंकू, ताट वाढलंय! अभिनंदन, खेळ पुरे झाला!" गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची आणि तीच पोरं तिच्याकडून लाडू घेऊन जायची. घरात आमचं बोलणं म्हणजे मारवाडी, हिंदी आणि अहिराणीची खिचडी. इथे मी सगळं मराठीत सांगतेय, कारण शाळेत लिहायला तेवढंच शिकले.

जेवणं झाली की दादी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोकरीच्या आसनावर बसायची. तोंडावर मुहपत्ती बांधायची. आठ पदरी पांढरं चौकोनी कापड, दोरा कानांवरून मागे. बोलताना हवेतल्या बारीक जिवांनाही त्रास होऊ नये म्हणून. आम्ही समोर हात जोडून बसायचो आणि ती आम्हाला पच्चखाण द्यायची, म्हणजे आता सकाळपर्यंत काही खाणार-पिणार नाही असा नेम. पाठ ती म्हणायची. तिचं संपलं की आम्ही एकच शब्द म्हणायचा, "वोसिरामि." सोडलं. तो शब्द तोंडातून गेला की नेम लागला, मग पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

कडक होती असं वाटेल, पण छे! झुरळालासुद्धा सुपलीत घेऊन खाली सोडून यायची आणि वर "नीट जा रे बाबा" म्हणायची. दादा, म्हणजे माझे आजोबा, गोदामातून यायचे राहिले तर स्वतः उपाशी बसायची, सूर्य गेला तर गेला. शेवटच्या दिवसांत मी तिची वेणी घालत असताना ती एकच घोकायची.

"मी गेल्यावर यांना एकटं कसं ठेवू गं?"

"मी आहे ना, दादी!"

"तू आहेस. पण तू दिवसभर दुकानात."

दिवाळीनंतर ती झोपेतच गेली. इतकं शांत मरण सगळ्यांना यावं, असं अख्खी गल्ली म्हणत होती. मला तिची इतकी आठवण यायची की तिची जुनी शाल उशाशी घेऊन झोपायचे मी, चाळिशीला टेकलेली बाई.

२

थंडी सरत आली होती. गावाबाहेर पथारींवर मिरची वाळत पडलेली, वारा सुटला की सगळं नंदुरबार शिंकत होतं. आई-पप्पा अभिनंदनकडे, माझ्या भावाकडे, सुरतेला. इथे मी आणि दादा. माझं औषधांचं दुकान आहे. त्या दिवशीही शटर अर्धं ओढून मी दादांना जेवायला वाढायला घरी आले. दादा, शांतिलाल, ऐंशीच्या पुढचे, शुगरचे पेशंट. गोळी घेऊन उपाशी राहिले तर शुगर धाडकन खाली येते. माणूस बसल्या बसल्या जाऊ शकतो. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते, आणि घरात मलाच त्याची धास्ती असते.

दारातच थांबले. दादा आज स्वतःच वाढून घेऊन जेवले होते आणि दादीच्या आसनासमोर हात जोडून बसले होते. आसन आम्ही उचललं नव्हतं, दादाच "राहू दे" म्हणाले होते. मुहपत्ती वर खिळ्याला अडकवलेली. मला वाटलं, नवकार मंत्र म्हणताहेत. पण ओठ हलत नव्हते. मान पुढे केलेली, बऱ्या कानाची बाजू आसनाकडे. ते ऐकत होते.

पच्चखाणाचा पाठ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला. मग दादा स्वच्छ आवाजात म्हणाले, "वोसिरामि." डोकं टेकवलं आणि गुडघ्यावर हात देत उठले.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. सवय आहे, दुसरं काय, असं स्वतःला सांगितलं. जन्म गेला तिच्याकडून नेम घेण्यात, आता कुणाकडून घेणार बिचारे!

३

सकाळी मी चहा आणि खाकरा पुढे ठेवला. दादांनी हाताने बाजूला सारला.

"एवढ्यात नाही. पोरसी आहे."

आमच्याकडे नेम पायरी पायरीने मोठे होत जातात. नवकारसी म्हणजे सूर्य वर आल्यावर थोड्या वेळात तोंड उघडायचं, ती तर पोरांनाही जमते. पोरसी म्हणजे पार सकाळ चढेपर्यंत थांबायचं. मग एकासणा, दिवसात एकदाच बसून जेवायचं. मग उपवास. शुगर लागल्यापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून दादी दादांना नवकारसीच्या पुढे कधी जाऊ द्यायची नाही.

"पोरसी कुणी दिली तुम्हाला? महासतीजी तर गावात नाहीत." नेम देणाऱ्या साध्वींना आम्ही महासतीजी म्हणतो.

"कोण देणार? रोज जी देते तिनेच."

भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. जीभ दाखवायला सांगितली, तर हसले. "वेडा झालो नाही मी, बेटा. काल तिने पोरसीचा पाठ म्हटला, मी घेतली. तू ऐकत नव्हतीस का? दारातच तर होतीस."

मी दारात होते. ऐकायला काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी जोडीदार गेला की असं होतं, वेळ द्या. अभिनंदन फोनवर म्हणाला, "अगं, गोड बोलून काढ. तू एकदम डाफरतेस." हो ना, सुरतेत बसून सल्ले द्यायला काय जातंय! पण दोघांचं मला पटलं. पटवून घेतलं. सकाळ-संध्याकाळ शुगर बघत राहिले आणि रोज संध्याकाळी लवकर घरी येऊ लागले.

त्या आठवड्यातच पोरसीचा एकासणा झाला.

४

कमलीबाई आमच्याकडे धुणं-भांडी करते, दादीची लाडकी. एके सकाळी ती झाडू घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच उभी राहिली.

"ताई, मी त्या कोपरामा झाडू नही मारस."

"का गं?"

"तठे कोनी बशेल शे."

"कमलीबाई, सकाळी सकाळी डोकं नको फिरवूस. कुणी बसलेलं नाही तिथे, नुसतं आसन आहे."

"आसन दाबायेल शे ना! मी रोज झटकस, रोज दाबायेल ऱ्हास. आनि ते फडकं वलं ऱ्हास." तिने खिळ्याकडे बोट दाखवलं आणि लगेच हात पदरात घेतला. "मन्हाघाई नही व्हवाव, ताई. आजी मन्ही माय व्हती, पन मन्हाघाई नही व्हवाव."

तिच्याकडून होणार नाही म्हटल्यावर मी तणतणत पुढे गेले. आसनाची लोकर दोन जागी चेपलेली होती, मांडी घातल्यावर गुडघे टेकतात तशी. दादा बसत असतील. दादांना मांडी घालता येत नाही हे मला आठवत होतं, पण ते मी बाजूला ठेवलं. मुहपत्ती काढून हातात घेतली. मधोमध ओली. कडा कोरड्या, वाळून कडक झालेल्या, आणि मधला भाग ओला आणि कोमट, आत्ताच कुणी तोंडावरून सोडल्यासारखा.

फेब्रुवारीच्या नंदुरबारात पापड घातला तर दुपारच्या आत कडकडतो. मी फार्मसी शिकलेली बाई, बाष्प, दमटपणा, उकळतं पातेलं, सगळं आठवून पाहिलं. गॅस पेटवलाच नव्हता अजून. मी ते कापड साबणाने धुतलं, गॅलरीत वाळवलं आणि दादीच्या पेटीत तळाशी ठेवलं. साड्या वर रचल्या. पेटीची किल्ली माझ्या कमरेला.

दुपारी घरी आले तर मुहपत्ती खिळ्याला होती. मी दादांना विचारलं नाही. काय उत्तर देतील याची भीती वाटत होती मला. खरं सांगते, आयुष्यात दादीची भीती मला कधी वाटली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

५

एकासण्याचे उपवास व्हायला वेळ लागला नाही. मी गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांना विचारून. तरी दादा खंगत चालले. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. एका दुपारी खुर्चीतच कलंडले. अंग घामाने थबथबलेलं. मी धावत जाऊन ग्लुकोजचं पाणी केलं आणि चमचा ओठांना लावला. त्या थरथरत्या म्हाताऱ्या माणसाने ओठ असे आवळून घेतले की चमचा दातांवर वाजला.

"दादा, तोंड उघडा! मरायचंय का तुम्हाला?"

मान हलवली. नाही.

शेवटी हिरडीला बोटाने ग्लुकोज चोळलं. जरा सावरल्यावर ते रडायला लागले. "माझा नेम मोडलास. तिला काय सांगू मी आता?"

मला इतका संताप आला! "ती मेली, दादा! मी स्वतः आंघोळ घातलीय तिला!" मी ओरडले आणि खालपर्यंत ऐकू गेलं असणार. पोरगी दमलीय म्हणून दादांना माझी कीव आली. मग माझा हात हातात घेतला.

"रिंकू, ती मला एकटं नाही ठेवणार. काल तिने विचारलं, मोठं घेता का?"

मोठं म्हणजे संथाऱ्याचं, ते मला माहीत होतं. पुन्हा तोंड न उघडण्याचं. शेवटपर्यंतचं.

"असं होत नसतं, दादा," मी आवाज खाली आणला. "त्याला महासतीजींची आज्ञा लागते. घरच्यांना विचारावं लागतं. असं चोरून कुणी देत नाही. दादीने तरी जन्मात दिलं नसतं."

"तेच म्हणते ती. घरच्यांना विचारल्याशिवाय देणार नाही म्हणाली." दादांचा चेहरा उजळला. "उद्या संध्याकाळी तुला बसायला सांगितलंय."

मी अभिनंदनला फोन लावला. या वेळी तो घाबरला. परवा सकाळच्या गाडीने दादांना घेऊन सुरतेला ये, मी स्टेशनवर येतो म्हणाला. आजच निघते म्हटलं, पण डॉक्टरांनी एक दिवस हलवू नका म्हणून सांगितलं होतं. मी बॅग भरली. उद्याची एक संध्याकाळ काढायची होती मध्ये.

६

मी ठरवलं होतं की बसायचंच नाही. दादांना त्यांच्या खोलीत ठेवायचं, दाराला कडी घालायची, टीव्ही मोठा लावायचा. चांगलं साधं ठरवलं होतं. पण गॅस बंद करून वळले तर दादा कोपऱ्यात जाऊन बसले होते. कधी उठले, कसे चालले, कळलंच नाही. पश्चिमेच्या खिडकीतून तांबूस ऊन येत होतं. खाली गोदामात हमाल पोती रचत होते, त्यांच्या शिंका ऐकू येत होत्या. अगदी रोजच्यासारखी संध्याकाळ होती.

"उठा दादा."

"बस बेटा. ती वाट बघतेय."

त्यांच्या काखेत हात घालून मी उचलायला गेले. वजन नव्हतंच त्यांना काही, तरी उठेनात. मग मी त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसले. त्यांना एकटं तिथे सोडणार कशी? आसनाकडे बघायचं नाही म्हणून खिळ्याकडे बघितलं.

खिळा रिकामा होता.

मग मी खाली बघितलं. बघायला नको होतं. मुहपत्ती आसनाच्या वर होती, बसलेल्या बाईचं तोंड जितक्या उंचीवर येईल तितक्या उंचीवर. दोरा दोन्ही बाजूंनी मागे ताणलेला. मागे भिंत दिसत होती, तेलाचे डाग, आमची नेहमीची भिंत. आणि कापड हलत होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. मधेच थांबायचं, पाठाची ओळ संपते तिथे, आणि पुन्हा चालू. आवाज नव्हता. खालच्या शिंका ऐकू येत होत्या, दादांच्या घशातली घरघर ऐकू येत होती, पण त्या कापडामागून काहीच येत नव्हतं.

"दादी," मी म्हटलं. "नको. मी हो म्हणत नाही. ऐकतेस ना? घरच्यांची परवानगी नाही."

कापड थांबलं. वळलं, थोडंसं, माझ्या बाजूला. दादी माझ्याकडे अशीच मान वळवायची, मी ताटात भाजी टाकली की. मला वाटलं, जिंकले. ऐकलं तिने.

मग ते पुन्हा हलायला लागलं. माझ्याकडेच तोंड करून.

दादा पुढे झुकले. त्यांनी हात जोडले, बरा कान पुढे केला. शेवट जवळ आला होता. लहानपणापासून रोज ऐकलेला पाठ. आवाज नसला तरी श्वासावरून मला कळत होतं की आता शेवटची ओळ आली. दादांचे ओठ उघडले. मी झेप घेतली आणि त्यांच्या तोंडावर तळवा दाबून धरला. घट्ट. त्यांचे दात माझ्या हाताला लागले. एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून जाऊ द्यायचा नाही, बाकी काही माझ्या डोक्यात नव्हतं.

कापड स्थिर झालं. पाठ संपला होता. आता उत्तराची वाट होती.

आणि हजारदा जे झालं तेच झालं. दादीचं संपलं की आपण म्हणायचं, यात विचार कुठे असतो? तोंडच म्हणतं.

"वोसिरामि," मी म्हटलं.

खिडकीतलं ऊन गेलं. कापड आसनावर पडलं.

७

सकाळी दादांनी स्वतः चहा मागितला. मी धावले! आल्याचा चहा केला, बिस्किटं काढली. शुगर तपासली, चांगली होती. अभिनंदनला फोन करून सांगितलं, दादा खाताहेत, आज निघत नाही, आणि दोघंही फोनवर रडलो. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

दादा मात्र हिरमुसलेले होते. "काल ती माझ्याशी बोललीच नाही गं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागावली का?"

"नाही दादा. खा तुम्ही."

मी माझा कप उचलला. काल सकाळपासून पोटात काही नव्हतं माझ्या. कप ओठांशी नेला आणि ओठ उघडेनात. कुणी धरलं नव्हतं, दुखत नव्हतं. बोलायला उघडत होते. आत्ताच तर बोलले होते. चहासाठी उघडत नव्हते. मी कप खाली ठेवला, पाण्याचा पेला घेतला. तेच. मग लक्षात आलं की मला तहानही नाही. भूक नाही. काही म्हणजे काही नको होतं.

श्वास सोडला की तो माझ्याच ओठांवर परत येत होता, कोमट, ओलसर, मध्ये काही आडवं असल्यासारखा. मी तोंडावर बोटं फिरवली. काहीच नव्हतं.

नेम कोणता दिला, कुठवरचा दिला, मला ऐकूच आलं नव्हतं. दादांनी ऐकला असेल. समोर बसून ते बिस्किट बुडवत होते, गालांवर थोडा रंग आला होता. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझं 'वोसिरामि' त्यांच्या बहिऱ्या कानाला ऐकू गेलं नव्हतं; कळलं तर ते पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसतील, माझ्यासाठी.

"तू नाही घेत चहा?" दादांनी विचारलं.

"माझा झाला मघाशीच," मी म्हटलं आणि माझा कप त्यांच्यापुढे सरकवला. "हा पण घ्या."